मदत हवी आहे : बर्फातील कोळंबीचा खवटपणा कोणत्या चाचणीने ओळखावा?

नमस्कार. कराड परिसरातील खानावळींना आम्ही कोळंबी पुरवतो. माल चिपळूणहून कुंभार्ली घाटाने, थर्माकोलच्या खोक्यांत बर्फाच्या चुऱ्यात येतो आणि विकला जाईपर्यंत बर्फातच राहतो. अलीकडे एकच तक्रार वारंवार येते. कोळंबीला कुजका वास नसतो, काळे डागही नसतात, तरी शिजवल्यावर ती किंचित खवट लागते आणि चिवट होते.

कोळंबीत चरबी जेमतेम एक-दोन टक्के असली, तरी तिच्यात फॉस्फोलिपिडे (पेशींच्या आवरणातील मेद) आणि ईपीए, डीएचए यांसारखी बहु-असंतृप्त मेदाम्ले भरपूर असल्यामुळे ऑक्सिजनचा तिच्यावर लवकर परिणाम होतो. बर्फाने जिवाणूंची वाढ मंदावते, पण विकरांचे (एन्झाइमांचे) काम शून्य अंशालाही पूर्णपणे थांबत नाही. त्यांच्यामुळे चरबीपासून सुटी झालेली मेदाम्ले स्नायूंतील प्रथिनांशी जोडली जातात आणि मांसाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते. आमच्या मालातील चिवटपणाचे मूळ यातच असावे, असा माझा कयास आहे. (काळे डाग पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या निराळ्या विकरामुळे पडतात, त्यामुळे डाग नाहीत म्हणून माल निर्दोष, असे म्हणता येत नाही.)

खरी अडचण तपासणीची आहे. आम्हाला सुचवलेली बाष्पशील नायट्रोजनची चाचणी मुख्यतः प्रथिनांच्या कुजण्याविषयी सांगते, चरबीविषयी नाही. पेरॉक्साइड मूल्य (चरबीचा ऑक्सिजनशी संयोग होताना प्रथम बनणाऱ्या पेरॉक्साइडांचे माप) काढावे, तर पेरॉक्साइडे आधी वाढतात आणि पुढे त्यांचे विघटन होऊन अल्डिहाइडे बनू लागली की घटतात. म्हणजे आकडा कमी आला, तर माल ताजा आहे की बिघाडाच्या पुढच्या टप्प्यावर गेला आहे, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. सोबत टीबीए मूल्य (त्यानंतर बनणाऱ्या अल्डिहाइडांचे माप) आणि मुक्त मेदाम्लांचे प्रमाण काढणे आवश्यक आहे, की लहान व्यावसायिकाला यांपैकी एखादी जोडी पुरेशी ठरते?

दुसरा प्रश्न डोक्याचा. तेथील पाचकग्रंथीत विकरे एकवटलेली असतात, म्हणून चिपळूणलाच डोकी काढून, माल धुऊन आणावा असे वाटते. परंतु मग कापलेला भाग उघडा पडतो आणि डोक्यासकट कोळंबी मागणारे गिऱ्हाईकही नाराज होते. तसेच वितळलेले पाणी निथळू द्यावे, की हवेचा संपर्क टाळण्यासाठी कोळंबी बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवून ठेवावी? बुडवल्यास चव पाण्यात उतरते, हे खानावळवाले लगेच ओळखतात. कोळंबीचा प्रत्यक्ष व्यवहार किंवा मत्स्यप्रक्रियेचा अभ्यास असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.