विश्वास असूनही काळोख दाटला तेव्हा: तुमचे अनुभव

माडाखाली (वेंगुर्ले)
काल बायबल पुसताना नैराश्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट पडलं. ४२व्या स्तोत्रात खूण म्हणून ठेवलेलं, चंदेरी कागद कडेने काळा पडलाय.
तेव्हा रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाऊन आले आणि गुरुवारपर्यंत अंथरुणातून उठवेना. घरात भांडण नाही, कोणी गेलेलं नाही. दात घासायचे म्हटलं तरी रडू फुटायचं. रोझरीची जपमाळ हातात, पण 'नमो मरिये'च्या पुढे शब्द येईना. प्रार्थना कमी पडते म्हणणारे खूप भेटले. शेजारची काकी मात्र रोज अकराला उकड्या तांदळाची पेज आणायची, वाटी रिकामी होईस्तो पायरीवर बसायची. बोलायची नाही.
नंतर बायबलमधला १ राजे, अध्याय १९ वाचला. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतोय. देवदूत त्याला आधी भाकरी-पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. मला तिथे काकीच दिसली.
गोळ्या लागू पडायला तीन आठवडे गेले. तुमचं सांगा.

बोरीभाट
पेजेसोबत काय? खारातली कैरी?

माडाखाली
भाजलेला सुको बांगडो. तेव्हा मात्र नुसतं मीठ.

बोरीभाट
काकीक माझो नमस्कार सांग.

दर्यावर्दी
भावाचं. नोव्हेनाचे, म्हणजे सलग प्रार्थनेचे, नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी फादरच म्हणाले, रत्नागिरीला मनोरुग्णालयात दाखवूया, मी सोबत येतो. १८८६ सालचं ते, नाव काढलं तरी आमच्याकडे लोक दचकतात. फादर गाडीत बसले म्हणून आई तयार झाली. भाऊ आता होडीवर जातो.

वसईची पोर
मला थायरॉईड निघाला! आधी रक्त तपासा गं. गोळ्यांची नावं इथे विचारू नका, ज्याच्या त्याच्या वेगळ्या.

जुना_गायक
स्तोत्र ८८ वाचा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रात आहे, म्हणून मला कोणी 'आनंदी राहा, विश्वास ठेव' म्हटलं की मी ते पान उघडून देतो. घाईत लिहितोय, चर्चच्या क्वायरला जायचंय.

बाजारातून
बायकोचं, बाळंतपणानंतर. रात्री दोनला म्हणाली, मी नसलेलीच बरी. बाळ आईकडे दिलं, तिच्याजवळ बसून १४४१६ लावला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट. पलीकडची बाई मराठीत बोलली, घाई केली नाही. सकाळी डॉक्टर. मासे घेतोय, बाकी नंतर.

वसईची पोर
काय मिळालं?

बाजारातून
बोंबील. स्वस्त आहेत आज.

नवी_सभासद
सगळं वाचतेय. माझा आज चौथा दिवस. देवाशी बोलता येत नाही.

माडाखाली
नको बोलूस आत्ता, तुझ्या वाटची प्रार्थना मी करते. काही खाल्लंस का? घरात कोण आहे? निरोप पाठवलाय, नंबर दे. लगेच फोन करते.