पावसात मागचं चाक घसरून मुलगा पडला. ब्रेक मारायला नीट कसं शिकवायचं? (इंदूर)

तिलकनगरची_आई
मुलगा २१ वर्षांचा आहे. गाडी १६० सीसी, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला. शनिवारी संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर डिव्हायडरच्या कटमधून एक कार आडवी वळली. मुलाचा वेग ५० च्या आसपास. कारला धडकला नाही, पण मागचं चाक घसरलं आणि उजव्या अंगावर पडला. कोपर-गुडघा सोलवटलाय, हाडं शाबूत आहेत. घरात सगळे ‘कारवाल्याची चूक’ म्हणून मोकळे झाले. चूक कारवाल्याचीच होती, पण उद्याचा कारवालाही असाच वळणार. तेव्हा मुलाने काय शिकायचं, कुठे शिकायचं, आणि गाडी परत रस्त्यावर काढण्याआधी त्यात काय बघायचं, हे जाणकारांनी सांगावं.

माळवा_रायडर
ताई, प्रश्न अगदी योग्य विचारलात. आधी मुलाला कागद-पेन घेऊन बसवा आणि पडण्याआधीचे पाच सेकंद उलटे लिहायला सांगा. पडला तेव्हा पाय कुठे होता? हाताची बोटं ब्रेकवर होती की मुठीवर? नजर कारवर होती की मोकळ्या जागेकडे? कट पहिल्यांदा कधी दिसला आणि तेव्हा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोडला का? तुम्ही नुसतं विचारा, त्याला रागावू नका. रागावलात की उत्तरं बदलतात.

तुमच्या वर्णनावरून मला दिसतं ते असं. कार पाहून पाय दणकन मागच्या ब्रेकवर पडला आणि हात पुढच्या ब्रेकवर जेमतेम पोचला. ही चूक जुनी आहे. लॉस एंजेलिसमधल्या ९०० अपघातांच्या तपासणीचा हर्ट अहवाल १९८१ साली आला, त्यातही हेच: मागचं चाक लॉक, पुढचा ब्रेक अपुरा. संकट ओळखल्यापासून धडकेपर्यंत चालकाच्या हाती साधारण दोन सेकंदही नव्हते. तेवढ्या वेळात विचार होत नाही, अंगात मुरलेलं तेवढंच बाहेर येतं.

ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे सरकतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकावर जोर दिला तर ते लॉक होऊन घसरतं, आणि सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाचं एबीएस मागच्या चाकाला वाचवत नाही. म्हणून थांबवण्याचं मुख्य काम पुढच्या ब्रेकचं, मागचा फक्त सोबतीला.

आता ५० च्या वेगाचा हिशोब पाहा. ५० म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. बोटं मुठीवर असतील तर ब्रेक लागायलाच एक सेकंद जातो, म्हणजे १४ मीटर तिथेच संपले. पुढे ओल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तरी साधारण २० मीटर लागतात. एकूण ३४. तोच कट ४० ने ओलांडला असता तर ११ आणि १३, म्हणजे २४. दहाचा वेग कमी केला की दहा मीटर वाचतात, आणि दहा मीटर म्हणजे दोन कारपेक्षा जास्त लांबी. त्यामुळे कट दिसला की थ्रॉटल सोडायचा आणि दोन बोटं पुढच्या लिव्हरवर टेकवून ठेवायची. ही एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

सराव असा. रविवारी सकाळी रिकामं, सपाट, वाहतुकीपासून बंद डांबरी पटांगण शोधा. ४०-५० मीटर पुरतात. सुपर कॉरिडॉरवर मात्र मुळीच नको, तो कितीही मोकळा दिसला तरी. चुन्याची एक आडवी रेघ मारा. रेघेवर आल्यावरच ब्रेक. आधी २० च्या वेगाने फक्त पुढचा, दहा वेळा. लिव्हर झटक्यात ओढायचा नाही. मनात ‘एक’ म्हणताना पॅड नुसते टेकवायचे, ‘दोन’ म्हणताना दाबायचं. मध्ये फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन शॉकअप पाइप) खाली बसल्याचं हाताला कळतं. टायर रस्त्यावर दाबला गेल्यावर जोर वाढवता येतो. नंतर ३० ने, मग ४० ने, मागचा हलका जोडून. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपर सैल, नजर समोर दूर. पुढच्या चाकाकडे पाहिलं की गाडी कलते. दर वेळी थांबलेल्या जागी खडूने खूण करा. खुणा जवळजवळ आल्या की पुढचा वेग.

मागचं चाक लॉक झालंच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडी सरळ रेषेत असेल तर पाय हळूच सैल करायचा. मागचा भाग बराच आडवा गेला असेल तर थांबेपर्यंत पाय काढायचा नाही, कारण टायरला अचानक पकड मिळाली की गाडी झटक्याने सरळ होते आणि माणूस वरून फेकला जातो.

छावणी_गॅरेज
ताई, उजव्या अंगावर पडलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक लिव्हर आणि थ्रॉटल त्याच बाजूला असतात, म्हणून तपासणी तिथून सुरू करा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे नेऊन थ्रॉटल सोडा, दोन्हीकडे तो आपोआप परत फिरलाच पाहिजे. अडकत असेल तर गाडी चालवू नका. लिव्हर वाकला असेल तर बदला. गरम करून सरळ केलेला लिव्हर ऐन वेळी तुटतो. मागच्या ब्रेकचं पेडल आत वाकून क्रँककेसला (इंजिनच्या खालच्या आवरणाला) टेकत नाही ना, तेही बघा.

मग मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवा. मधोमध खटकन अडलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. चाक पुढून धरून पुढे-मागे ओढल्यावर टकटक झाली तर तो ढिला आहे. हँडल सरळ आणि चाक तिरकं दिसलं तर टीचे (फोर्कचे पाइप धरणाऱ्या पट्टीचे) बोल्ट व अ‍ॅक्सल सैल करून फोर्क मोकळे होऊ द्या. सरळ झालं तर फक्त पीळ होता. नाही झालं तर पाइप वाकलाय, नवा टाका. काडी रिमजवळ धरून चाक फिरवा, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर रिम आउट, म्हणजे वाकडी आहे. एबीएसचा दिवा थोडं अंतर चालवल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर बघा.

रामबागकर
हेल्मेटचं कुणी बोललं नाही. ते डोक्यासकट रस्त्यावर आपटलं असेल तर, वरून तडा दिसत नसला तरी, ते संपलं. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबून मार झेलतो. नवं घेताना आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) बघा. पट्टा लावून हेल्मेट मागच्या बाजूने पुढे ढकला. डोक्यावरून निसटलं तर मोठं आहे. गालाची कातडी हेल्मेटसोबत हलली पाहिजे.

तिलकनगरची_आई
खूप खूप आभार. मुलाने लिहिलं: बोटं मुठीवर होती, नजर कारच्या दारावर. मागच्या टायरवर शेवटचे चार आकडे ३८१८ आहेत. हे काय? आणि पीथमपूरच्या नॅट्रॅक्सला कुणाला शिकता येतं का?

माळवा_रायडर
ताई, ३८१८ म्हणजे २०१८ सालातला ३८वा आठवडा. या वयाचं रबर कडक झालेलं असतं, नक्षी शिल्लक दिसली तरी ओल्यात पकड राहत नाही. सरावाच्या आधी टायर बदला. हवा थंड टायरमध्ये, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. नव्या टायरचे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश, कारण वरचा गुळगुळीत थर घासून जावा लागतो.

नॅट्रॅक्स गाड्या तपासण्यासाठी आहे, तिथला वेगवान ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे. तुम्हाला चाळीस मीटर डांबर पुरे.

‘नजर दारावर’ हे मुलाने स्वतः लिहिलं, फार मोलाचं आहे. जिथे बघू तिथे गाडी जाते. त्यासाठी वेगळा सराव: ३० च्या वेगाने दोन अर्ध्या कापलेल्या बाटल्यांच्या दिशेने या, पाच-सहा मीटर आधी मोकळ्या बाजूकडे बघा आणि त्याच बाजूचं हँडल पुढे ढकला. उजवीकडे जायचं तर उजवं. गाडी ढकललेल्या बाजूलाच कलते. वळताना ब्रेक नाही, ब्रेकमध्ये वळण नाही.

निमाड_माळवा
सराव झाल्यावर खंडवा रोडला निघायची घाई नको. पावसाळ्यात शेतातून निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली काळी माती डांबरावर पसरते. ओली झाली की ती साबणासारखी, एबीएस असो वा नसो. सिमरोळच्या पुढे भेरू घाटात वळणावर असे पट्टे दिसले तर वळणाआधीच सरळ गाडीवर वेग उतरवा, कललेल्या गाडीवर ब्रेक नको. शहरातही पाऊस सुरू झाल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि मॅनहोलच्या झाकणांवर तर ब्रेक नकोच. आणि सुरुवातीचे काही आठवडे मागे कुणाला बसवू नका.