सात महिन्यांची धाकटी, साडेचार वर्षांचा मोठा आणि आतषबाजी

दोन_पिल्लांची_आई

शनिवारी रात्री आतषबाजीचा कार्यक्रम आहे आणि घरात दोन पक्ष पडलेत. एका पक्षात बाकी सगळे, दुसऱ्यात मी एकटी.

गेल्या वर्षी मोठ्याला घेऊन अगदी पुढे बसलो होतो, चांगलं दिसावं म्हणून. उजेड आणि धमाका जवळजवळ एकदमच यायचे, छातीत धडकायचे. पहिल्या पाच मिनिटांतच पोराने दोन्ही हात कानांवर घेतले. आणि मी काय केलं? त्याचे हात खाली ओढले. "घाबरतोस काय, रंग बघ किती छान!" हे लिहितानाही कसंतरी होतंय.

रात्री झोपताना म्हणाला, "आई, माझ्या कानात डास आहे." मी उशी झटकली, पंखा वाढवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कार्टूनचा आवाज वाढवून मागत होता. मग सगळं पूर्ववत झालं आणि मीही विसरले. तो डास नव्हता हे मला पुढे कितीतरी महिन्यांनी, स्वतःच्या कानात असाच आवाज आला तेव्हा कळलं.

आता धाकटी सात महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, कापसाचे बोळे घाल. नवरा म्हणतो, तिच्या झोपेची वेळ आहे, झोपलेल्या बाळाला काय कळतंय. बहीण फोमचे इअरप्लग घे म्हणते. मी मोठ्यासाठी आवाज अडवायला कान झाकणारे इअरमफ आणलेत, पण धाकटीच्या डोक्यावर ते टोपलीसारखे बसतात.

"नेऊच नका" हे उत्तर मला ठाऊक आहे. पण मोठा महिनाभर दिवस मोजतोय. काय करू?

निवृत्त_फिटर

कापूस धूळ अडवतो, आवाज नाही. मी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी सुरुवातीची बरीच वर्षं कापूस घालूनच काढली. बायको म्हणते, मला ऐकू येते ती तिची चौथी हाक असते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि कापूस दिव्याच्या वातींना ठेवा.

कानमोजणी

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांचे कान तपासणं हेच रोजचं काम. आधी एक सांगते ताई, हात कानांवर नेणारं मूल भित्रं नसतं. त्याच्याजवळ तेवढंच साधन असतं आणि ते त्याने बरोबर वापरलं.

आता झोपेचं. डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नसतात. बाळ झोपलं काय, जागं काय, आवाजाची लाट आतल्या कानात तितक्याच जोराने पोचते. बाळ रडलं नाही म्हणजे काही झालं नाही, हाही गैरसमज. दचकणं वेगळं आणि इजा वेगळी.

कानाचं स्वतःचं थोडं संरक्षण असतं. मोठा आवाज आला की मधल्या कानातले इवलेसे स्नायू ताठ होतात आणि हाडांची साखळी आवळून धरतात. पण त्याला सेकंदाचा काही शतांश भाग तरी लागतो. फटाक्याचा धमाका तोवर आत जाऊन पोचलेला असतो. म्हणून सतत चालणाऱ्या यंत्रापेक्षा अचानक फुटणारा आवाज जास्त घातक. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी साधारण १५ हजार असतात. त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात अशा क्षणिक धमाक्यांसाठी मोठ्यांना १४० डेसिबलची कमाल मर्यादा दिली आहे, मुलांना १२० ची. वीसचाच फरक वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते, म्हणजे २० ला शंभरपट. आणि जवळून फुटणारे मोठे फटाके १४० च्याही वर सहज जातात.

फोमचे प्लग बाळाला नकोतच. कानाची नळी इतकी अरुंद असते की ते नीट बसत नाहीत, आणि निघाले की थेट तोंडात. घशात अडकायची भीती. इअरमफ बरे, पण बाळासाठी वेगळे मिळतात, कडक पट्टीऐवजी मऊ इलॅस्टिकचे. टाळू अजून भरलेली नसते, त्यामुळे डोकं आवळणारं काही नको. कार्यक्रमापुरतेच घालायचे आणि ते घालून बाळाला कुशीवर झोपवायचं नाही.

मोठ्याचे मफ टोपीवरून घालू नका. कानटोपी, केसांची बट, चष्म्याची काडी, काहीही मध्ये आलं की फट पडते आणि आवाज त्या फटीतून शिरतो. मफ किती आवाज अडवतात तो पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. २५ डेसिबल लिहिलं असेल तर वळवळणाऱ्या पोराच्या डोक्यावर त्याच्या निम्मेसुद्धा मिळतील याची खात्री नाही. आणि गाणी ऐकायचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन म्हणजे इअरमफ नव्हेत. ते विमानाच्या घरघरीसारख्या सलग आवाजासाठी असतात, धमाक्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

म्हणून मफ हा दुसरा उपाय. पहिला उपाय अंतर.

बिनधास्त

किती तो बाऊ! आम्ही लहानपणी पहिल्या रांगेत बसायचो, कानात बोटंसुद्धा घातली नाहीत. आज सगळं व्यवस्थित ऐकू येतं. मुलांना असं कापसात गुंडाळून ठेवलंत तर पुढे कशी जगतील?

निवृत्त_फिटर

कापसात नको, तेच तर मी वर म्हटलं.

कानमोजणी

बिनधास्त, एकदा तपासून घ्या, चेष्टा नाही करत. आवाजाने गेलेला कान सगळा एकदम जात नाही. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, आधी ४ हजार हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. रोजच्या बोलण्यात तो लक्षात येत नाही, कारण स्वर खालच्या पट्टीत असतात. जातात ती स, श, फ सारखी व्यंजनं. मग माणूस म्हणतो, "ऐकू येतं हो, पण लोक हल्ली पुटपुटतात."

ताई, डासाबद्दल राहिलंच. असा आवाज आणि दडे बसणं बहुतेकदा दिवस दोन दिवसांत जातं. पण २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटले होते. माणसाच्या पोराला हे जसंच्या तसं लावायचं नाही, तरी "गेलं एकदाचं" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. मोठ्याची एकदा तपासणी करा. साडेचार वर्षांचं मूल खेळाखेळात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, देतं. धाकटीची ओएई, म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी तपासणी, होते, कानात छोटं टोक ठेवून, मिनिटाभरात, दुखत नाही. आणि कार्यक्रमानंतर कुणाला एकाएकी कमी ऐकू आलं, कान दुखला किंवा कानातून पाणी वा रक्त आलं, तर वाट न बघता दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा.

मिक्सरवाला

स्वयंपाकघरातला नव्हे, साउंडचा.

अंतरावर माझे दोन शब्द. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ५० मीटरवरून १०० वर गेलात की ६, २०० वर १२, ४०० वर १८. चांगल्या मफचं काम नुसत्या पायांनी होतं, तेही सगळ्या कुटुंबाचं एकदम. मात्र समोरासमोर उंच भिंती असल्या तर हा हिशेब बिघडतो, आवाज परतून येतो. गच्च्यांच्या कोंडाळ्यापेक्षा उघडं माळरान बरं.

किती लांब आहात हे कसं कळणार? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. उजेड दिसला की मोजायचं, विजेचं मोजतो तसंच. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर.

गेल्या वर्षीचा व्हिडिओ असेलच. तो एडिटिंगच्या ॲपमध्ये उघडा आणि एकेक फ्रेम सरकवत बघा, उजेडानंतर किती फ्रेमनी आवाजाची पट्टी उसळते. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे साधारण ११ मीटर. आवाज मोजणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नका. फोनचा माइक मोठ्या धमाक्याला मान टाकतो आणि आकडा खोटाच छोटा येतो.

दोन_पिल्लांची_आई

व्हिडिओ बघितला. जमिनीलगत फुटणाऱ्यांना पाच फ्रेम. म्हणजे पंचावन्न-साठ मीटर. नवऱ्याला फोन हातात दिला, त्याने स्वतः दोनदा मोजलं आणि मग काही बोलला नाही. घरातला पक्ष तिथेच फुटला.

दोन_पिल्लांची_आई

जाऊन आलो. लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आठवडाभर मोठ्याला मफची सवय केली. मिक्सर लावायचा (स्वयंपाकघरातला) की तो धावत जाऊन मफ घालून यायचा. "विमानतळावरचे काका" झाला होता. त्याने चिकटवलेल्या तीन चांदण्यांपैकी एक नेमकी मफच्या गादीच्या कडेवर होती, तिथे फट पडत होती. ती काढायला अर्धा तास वाटाघाटी.

जागा लांबची शोधली, मोकळ्या उतारावर. आधी गाडी लावली त्या ठिकाणी मोजलं तर जेमतेम एक सेकंद. सामान परत गाडीत, कुरकुर, पुन्हा पुढे. शेवटी दोन सेकंदांवर थांबलो, म्हणजे पावणेसातशे मीटर. मिक्सरवाल्यांचा हिशेब लावला तर गेल्या वर्षीपेक्षा बारापट लांब, वीस-बावीस डेसिबल उतरलेले. धमाका "ढब्" असा यायचा, कुणीतरी दूर गादी झोडपतंय तसा. फुलं छोटी दिसली, पण पूर्ण दिसली. गेल्या वर्षी मान दुखेपर्यंत वर बघून अर्धीच दिसत होती.

धाकटी आणि मी गाडीत, काचा बंद. तिचे इलॅस्टिकचे मफ होते तरी. ते तिने दोनदा ओढून काढले, तिसऱ्यांदा मी नाद सोडला आणि शेवटच्या माऱ्याला माझे तळवे तिच्या कानांवर धरले. ती माझ्या बांगडीकडेच बघत होती. तिच्यासाठी कार्यक्रम तोच. खरं सांगायचं तर तिला घरी ठेवायला हवं होतं, पण सासूबाईंनाही बघायचं होतं आणि त्यांचा तेवढा हक्क आहे. त्यांनी काय केलं सांगू? फिटर आजोबा, त्यांनी स्वतःच्या कानात कापूस घातला. हौस म्हणून.

मोठ्याला सेकंद मोजायचं वेडच लागलं. उजेड दिसला की "एक... दोन..." आणि "ढब्" वर टाळी. मध्येच मफ वर करून म्हणाला, "आई, आवाज उशिरा येतो, त्याला रस्ता सापडत नाही का?" रात्री झोपताना मी विचारलं, डास आला का? "कुठला डास?" म्हणाला आणि पाठ फिरवली.

तपासणी मंगळवारी आहे, दोघांचीही. कानमोजणी, फॉर्मवर गेल्या वर्षीचं सगळं लिहायचं ना? तारीख मला आठवत नव्हती, पण व्हिडिओवर आहे.

कानमोजणी

हो, तारखेसकट लिहा. डास हा शब्दही तसाच लिहा. आणि मंगळवारी मोठ्याला सर्दी असेल तर आधी फोन करून विचारा, मधल्या कानात पाणी साठलं असेल तर निकाल उगाच वाईट येतो.