हलकी पण बूड न दुखवणारी एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल) सीट कुठली घ्यावी?

चिखलस्वार
मंडळी, सीटने जाम वैताग आणलाय. फुल सस्पेन्शन बाईक आहे (पुढचं-मागचं दोन्ही चाकं दबणारी सायकल), मागे १४० मिमी ट्रॅव्हल म्हणजे चाक तेवढं दबतं, ड्रॉपर (चालवताना सीट खालीवर करता येणारा सीटचा दांडा) आहे, आणि सीट बाईकसोबत आली तीच अजून लावलेली. तासभर ठीक असतं, मग मोठा चढ लागला की पुढचा सगळा भाग बधिर व्हायला लागतो, मुंग्या येतात, उतरून पाय झाडत उभं राहावं लागतं आणि तोवर बाकीचे दोन वळणं पुढे गेलेले असतात. जेलचं कव्हर चढवून बघितलं, पहिली पंधरा मिनिटं गादीवर बसल्यासारखं वाटलं आणि मग आधीपेक्षा वाईट.

काल सीट काढून काट्यावर ठेवली तर ४०५ ग्रॅम! म्हटलं बदलायचीच आहे तर हलकीच घेऊ. कार्बन रेलवाल्या (रेल म्हणजे सीटखालच्या दोन दांड्या) १६०-१८० ग्रॅमच्या दिसतायत पण त्यांच्यावर फोम असा नाहीच, नुसती फळी. माझं वजन ८२ किलो. एवढ्या पातळ सीटवर कुणी तीन-चार तास बसतं का? की हलकी आणि आरामदायी हे एकत्र मिळतच नाही? पॅडवाली शॉर्ट घालतो, हे आधीच सांगून ठेवतो.

नटबोल्ट
सीट नंतर घे, आधी खोक्याचा पुठ्ठा घे.

मस्करी नाही करत. आत नळ्या-नळ्या असतात तो पुठ्ठा कडक सपाट स्टुलावर ठेव, पातळ कपड्यात त्यावर बस, बाईकवर वाकतोस तसा पुढे वाक, टाचा उचल आणि दोन्ही हातांनी स्टूल खालून धरून स्वतःला खाली ओढ. उठलास की दोन खळगे पडलेले असतील, नीट दिसले नाहीत तर त्यावरून खडू आडवा फिरव. प्रत्येक खळग्याच्या मधोमध एकेक टिंब काढ आणि त्या दोन टिंबांमधलं अंतर मोज. बहुतेकांचं १०० ते १४० मिमीच्या दरम्यान येतं. त्यात साधारण २०-२५ मिमी मिळवले की आपल्याला किती रुंद सीट लागेल त्याचा अंदाज येतो, कंपन्यांचे हिशोब थोडे इकडेतिकडे असतात त्यामुळे ज्या कंपनीची घेशील तिचा तक्ता बघ.

आता जेल कव्हरचं. बसताना वजन, ज्यांनी ते खळगे पाडले त्या बुडाच्या दोन हाडांवर यायला पाहिजे, कारण ती त्यासाठीच आहेत. मऊ गादी असली की हाडं आत रुततात आणि मधला फोम फुगून वर येतो, आणि मधे काय आहे तर नस आणि रक्तवाहिन्या. मग मुंग्या येणारच ना राव. म्हणून ती 'फळी' तुला वाटते तेवढी वाईट नाही. रुंदी बरोबर असेल तर पातळ फोमवर माणूस दिवसभर बसतो, आणि चुकली असेल तर सोफा लावलास तरी उपयोग नाही. पहिल्या चार-पाच राईडला हाडं ठणकतील, ते चालतं, सवय होते. बधिर होण्याची मात्र सवय करून घ्यायची नाही, आणि ते उतरल्यावरही बराच वेळ राहत असेल तर सरळ डॉक्टरला दाखव.

आणि हो, पॅडच्या शॉर्टच्या आत अजून काही घालत नाहीस ना? विचारायला लाज वाटते पण निम्मे लोक घालतात, आणि मग शिवण घासून साल निघाली की सीटला शिव्या देतात.

उतारवीर
हलकी आणि आरामदायी मिळते. त्यात टिकाऊ पण पाहिजे म्हणालास की गाडी अडते.

मी कार्बन रेलवाली वापरलीय, बसायला खरंच छान होती. एका उतारावर मागचं चाक घसरलं, मी एकीकडे बाईक एकीकडे, बाईक सीटवर आपटून दोन कोलांट्या मारून थांबली. वरून फक्त कोपऱ्याचं कापड खरवडलेलं. आठवड्याभराने बसलं की 'टिक टिक' आवाज यायला लागला, मी सीटपोस्टला ग्रीस लाव, पेडल काढून लाव, बॉटम ब्रॅकेटला (पेडलच्या आसाच्या बेअरिंगला) दोष दे, सगळं करून झालं. शेवटी सीट उतरवली तर क्लँपच्या (सीटपोस्टवरची रेल धरणारी पकड) कडेला रेलवर केसासारखी चीर. ती चालू राईडमध्ये मोडली असती तर मी इथे टाईप करत बसलो नसतो एवढंच सांगतो.

शिवाय स्टील आणि टायटॅनियमची रेल गोल ७ मिमी असते, कार्बनची बहुतेक वेळा उभी अंडाकृती, ७ बाय ९ नाहीतर ७ बाय १०. तुझ्या ड्रॉपरचा क्लँप ती धरतो का ते आधी बघ. नुसतं बोल्ट आवळून बसवलंस तर चुकीच्या जागी दाब येऊन रेल चिरडते. रेलवर टॉर्कचा (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा छापलेला असतो, तो पाळायचा, हाताच्या अंदाजाने नाही.

माझं आता टायटॅनियम रेलवर भागतंय, सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅमच्या घरात. तुझे १७० ग्रॅम तसेही वाचतील, आणि उरलेले ६०-७० बाटलीतलं दोन घोट पाणी पिऊन टाकलंस की गेले.

सावकाशी
सगळं बरोबर आहे पण दुखणं चढावरच का येतंय हे कुणी विचारलंच नाही.

सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, कसं आहे? बाईक रिकामी उभी करून लेव्हल लावली असशील तर ती बसल्यावर लेव्हल राहत नाही. फुल सस्पेन्शनमध्ये तुझ्या वजनाने मागचा शॉक २५-३० टक्के दबतो, चढाला वजन अजून मागे जातं म्हणजे तो आणखी दबतो आणि पुढच्या चाकाचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) मोकळा होतो, एवढ्यातच नाक एक-दोन डिग्री वर. त्यात १५ टक्के चढ म्हणजे साडेआठ डिग्रीच्या आसपास, तेवढी अख्खी बाईकच वर बघायला लागते. मग पुढचं चाक उचलू नये म्हणून आपण सरकून नाकावर जातो आणि ते नाक खालून टोचत असतं. माझ्या बाबतीत अगदी हेच होतं, दोन सीट बदलल्या आणि शेवटी कळलं की दोष ॲलन कीच्या अर्ध्या फेऱ्यात होता.

कुणाला तरी बाईक धरायला सांग, पूर्ण तयारीत बस, त्यांना फोनवरचं लेव्हल ॲप सीटच्या मधल्या भागाजवळ बाजूने धरायला सांग आणि तशात लेव्हल किंवा एक-दोन डिग्री नाक खाली ठेव. खूप खाली नको, मग पुढे घसरतोस आणि सगळं वजन मनगटावर येतं. उंचीही बघ. मागून कुणाला तरी व्हिडिओ घ्यायला सांग, पेडल मारताना कंबर डावी-उजवी डोलत असेल तर सीट उंच आहे, आणि मग ती रुंद असो की अरुंद, घासणारच.

अजून एक, 'लेडीज सीट' 'जेंट्स सीट' या चिठ्ठीवर जाऊ नका कुणी. बायकांचं अंतर सरासरीने जास्त असतं हे खरं, पण माझं पुठ्ठ्यावर ११२ आलं आणि भावाचं १३१. मला लेडीज म्हणून दिलेली रुंद सीट मांड्यांना आतून सोलून काढायची, ती आता भाऊ खुशाल वापरतोय.

ड्रॉपर आहे तर सीटच्या कडा गोल आहेत का हेही हात फिरवून बघ. सीट खाली करून मागे सरकलास आणि परत पुढे येताना ढगळ शॉर्ट मागच्या टोकात अडकली की काय होतं ते एकदा अनुभवलंय, पुन्हा नको.

चिखलस्वार
बापरे, एवढं सगळं! ताई, तुम्हाला खरंच दंडवत.

पुठ्ठा केला, दोनदा केला, १२६ आणि १२७. माझी सीट मागून मोजली तर १३० मिमी! म्हणजे हाडं इतके दिवस कडेवरच टेकत होती. आणि नाक, बसल्यावर तीन डिग्री वर. शॉर्टच्या आतल्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही, पण यापुढे घालणार नाही.

जुन्याच सीटचं नाक खाली करून काल तोच चढ मारला. मुंग्या आल्या पण खूप उशिरा, आणि दर दहा-बारा मिनिटांनी थोडं उभं राहून पेडल मारलं की जातात. एका ओळखीच्याची जास्तीची सीट आणलीय आठवडाभर ट्रायला, १५० मिमी रुंद, मधे खाच, स्टील रेल, काट्यावर २९० भरली. हाडं ठणकतायत पण पुढे बधिर नाही. बरी वाटली तर हीच टायटॅनियम रेलमध्ये घेईन, कार्बनचा नाद सोडला.

फक्त एक कळत नाही, ठणका डाव्या बाजूलाच जास्त का?

नटबोल्ट
सीट वाकडी बसलीय का बघ, नाक टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या नळीच्या) सरळ रेषेत आहे का. वरून डोळ्याने फसायला होतं. मागे उभा राहून सीटच्या खाचेपासून स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) मधोमध दोरा ताणून धर.

आणि ओळखीच्याची सीट काढायच्या आधी रेल क्लँपमध्ये कुठे आहे तिथे चिकटपट्टीची खूण कर, नाहीतर नवी आणलीस की पहिल्यापासून सुरू.

चिखलस्वार
दोरा लावला. जवळजवळ बोटभर डावीकडे. मीच बसवली होती, अंधारात.