मदत हवी आहे: ‘रन’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि समानार्थी शब्द (अर्जंट)

टाकाटाका
‘रन’चे सगळे अर्थ आणि प्रत्येकाला समानार्थी इंग्रजी शब्द हवेत. धावणे, पळणे सांगू नका, ते मला येतं. आज संध्याकाळच्या आत हवंय. मोबाइलमधलं भाषांतर बघून झालं, काही उपयोग नाही.

निवृत्त_मास्तर
कितवीसाठी हवंय? रन, रॅन, रन अशी रूपं आहेत. भूतकाळी रॅन, तिसरं रूप पुन्हा रन. मुलं इथेच चुकतात.

पार्कचौक
धावणे, पळणे, चालवणे (दुकान), वाहणे (नदी, नाक), निवडणुकीला उभे राहणे, चालू असणे (मशीन). घ्या.

निवृत्त_मास्तर
पळणे आणि धावणे एक नव्हे. चोर पळतो, घोडा धावतो. समानार्थी म्हणून दोन्ही एका ओळीत लिहू नयेत.

शब्दवेडा_सोलापूर
दादा, ‘सगळे अर्थ’ मागू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी नव्या आवृत्तीसाठी ‘रन’चं काम केलं, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. त्याआधी १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ पुढे होता, त्याचे ४३०. यंत्रं आली, त्यांना ‘रन’ लागला, मग कारखाने, गाड्या, संगणक, आणि हा शब्द फुगत गेला. मला हा विषय फार आवडतो. हवं असेल तर सविस्तर लिहितो.

टाकाटाका
ताई म्हणा, दादा नाही. आणि मला ६४५ नकोत, चारच हवेत. शाळेचं काही नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाचा मेल आलाय, त्यात चार वेळा ‘रन’ आहे आणि चारही वेगळे वाटतात.

पूर्वभाग_रंगारी
मग वाक्यं टाका की ताई. वाक्य बघितल्याशिवाय कोण काय सांगणार?

टाकाटाका
आमचं टॉवेलचं युनिट आहे, अक्कलकोट रोडला. मेलमधली वाक्यं अशी:
१) द नेव्ही रॅन इन द फर्स्ट वॉश.
२) गेट द नेक्स्ट रन टेस्टेड.
३) रन द लेबल बाय मी फर्स्ट.
४) वी आर रनिंग आउट ऑफ टाइम.
मोबाइलनं पहिल्याचं ‘नौदल पहिल्या धुण्यात धावले’ केलं. त्यात रंगाचं काही आहे एवढं कळलं, म्हणून मी सकाळीच उत्तर पाठवलं की आमचा रंग फेड होत नाही, गॅरंटी. त्यावर तो जास्तच चिडलाय.

पूर्वभाग_रंगारी
इथेच घोळ झालाय. आपण मराठीत सगळ्याला ‘रंग जातो’ म्हणतो. त्यांच्याकडे त्याचे तुकडे आहेत. उन्हानं, धुण्यानं रंग फिका पडला, उडाला, तर फेड. पाण्यात रंग सुटून पसरला तर रन किंवा ब्लीड. सुटलेला रंग शेजारच्या पांढऱ्याला लागला तर स्टेन. नुसत्या घासण्यानं हाताला लागला तर क्रॉक. तो सांगतोय की निळा सुटला, आणि तुम्ही उत्तर दिलं की निळा फिका पडत नाही. त्याला वाटलं असेल, बाई मुद्दा टाळतायत.
टॉवेल पांढरा आणि बॉर्डर नेव्ही ब्लू आहे का?

टाकाटाका
हो. पांढरी जमीन, दोन्ही टोकांना तीन बोटं नेव्ही बॉर्डर. आत्ता स्टॉकमधला एक बादलीत टाकला. बॉर्डरच्या वर दोन इंचांपर्यंत फिकट निळी झाक आली. म्हणजे तो खरं बोलतोय.

निवृत्त_मास्तर
‘ब्लीड’ लिहू नका, ताई. ब्लीड म्हणजे रक्त वाहणे. परक्या गिऱ्हाइकाला असं लिहिणं बरं दिसत नाही. ‘द कलर इज गोइंग’ लिहा.

पूर्वभाग_रंगारी
सर, माफ करा, पण ‘गोइंग’ कुणाला कळणार नाही. ब्लीड हाच धंद्यातला शब्द आहे, टेस्ट रिपोर्टमध्ये छापलेला असतो. तीस वर्षं डाइंगमध्ये गेली माझी.

निवृत्त_मास्तर
बरं, धंद्यात रूढ असेल तर माझा आग्रह नाही. पण ‘जाणे’ आपल्याकडेही असंच आहे. लाइट जाते, माणूस जातो, रंग जातो, बाईला दिवस जातात. परक्यानं कोश उघडला तर तोही असाच अडकेल.

शेंगाचटणी
नवी चादर, टॉवेल रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायचा. आमच्या घरी आजीपासून हेच करतात. रंग पक्का होतो.

पूर्वभाग_रंगारी
होत नाही. रिॲक्टिव्ह रंगात मीठ आम्ही रंगवताना घालतो, रंग सुताकडे ढकलायला. धाग्याशी त्याला बांधतो तो सोडा. काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच जुळतो आणि सुतात मोकळा पडून राहतो. तो गरम साबणाच्या पाण्यात धुऊन काढावाच लागतो. ते धुणं घाईत उरकलं की गिऱ्हाइकाच्या बादलीत निळं पाणी येतं. मग मीठ घाला नाहीतर व्हिनेगर.

शेंगाचटणी
आमच्या चादरी वीस वर्षं टिकल्यात तरी.

पार्कचौक
ताई, एक विचारू का? युनिटवरून थेट घेतली तर डबल चादर केवढ्याला पडेल? गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे येतात, चार हव्यात.

टाकाटाका
चादरी आम्ही करत नाही. अण्णा, बाकीची तीन सांगा ना, प्लीज.

पूर्वभाग_रंगारी
दुसऱ्यातला रन म्हणजे लॉट, एका खेपेत काढलेला माल. बॅच लिहिलं तरी चालेल. पुढचा लॉट लॅबमध्ये तपासून घ्या म्हणतोय. वॉशिंग फास्टनेस मागा, म्हणजे धुण्यात रंग किती पक्का राहतो ते; त्या चाचणीचा नंबर आयएसओ १०५-सी०६. ग्रेड १ ते ५ येतो, ५ सगळ्यात चांगला. रंग किती उतरला आणि पांढऱ्याला किती लागला, हे वेगवेगळे आकडे असतात. तुमचं भांडण दुसऱ्या आकड्याचं आहे, तो आधी बघा.
लॅबआधी घरी अंदाज घ्या. बॉर्डरच्या तुकड्याला पांढरा सुती तुकडा टाके घालून जोडा, ४० अंशांच्या साबणाच्या पाण्यात अर्धा तास घुसळा, वाळल्यावर उजेडात बघा.

शब्दवेडा_सोलापूर
तिसरं मी सांगतो. ‘रन समथिंग बाय समवन’ म्हणजे एखाद्याच्या नजरेखालून घालणे. लेबल छापण्याआधी त्याला दाखवा. समानार्थी ‘शो’, ‘चेक विथ’. चौथं म्हणजे वेळ संपत आलीय. तिथे ‘रन आउट’ला ‘संपणे’ हाच अर्थ.

पार्कचौक
क्रिकेटमधला रन आउट वेगळा बरं का.

टाकाटाका
लेबलवर काय लिहू? ‘कलर मे ब्लीड, वॉश सेपरेटली’ चालेल का?

पूर्वभाग_रंगारी
गडद एकरंगी टॉवेलला चालतं. इथे पांढरी जमीन आणि निळी बॉर्डर एकाच टॉवेलात आहे, तो सेपरेट धुणार कसा? लेबलनं हे सुटणार नाही. नेव्ही सूत पुन्हा सोपिंगला, म्हणजे त्या गरम साबणाच्या धुण्याला पाठवा.

टाकाटाका
बरोबर आहे. डाइंगवाल्याला फोन केला, विणायचं राहिलेलं नेव्ही सूत तो उद्या परत घेतोय. मेल असा पाठवलाय: ‘यू आर राइट, द नेव्ही ब्लीड्स अँड स्टेन्स द व्हाइट. सॉरी फॉर माय फर्स्ट रिप्लाय. वी विल टेस्ट द नेक्स्ट बॅच अँड सेंड द रिपोर्ट. नो लेबल विल बी प्रिंटेड बिफोर यू सी इट.’
त्याचं उत्तर आलं. रिपोर्टसाठी दहा दिवस दिलेत.

निवृत्त_मास्तर
‘बिफोर यू सी इट’ अगदी बरोबर लिहिलंत. तिथे ‘विल सी’ येत नाही.