मदत हवी आहे: मावशीचं दानपत्र रद्द होईल का? (इंदूर)

रामबागेतल्या आमच्या मावशीने घर दानपत्राने मुलाच्या नावे केलं. आता तिची खाट जिन्याखाली, गॅसला हात लावायची बंदी.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे. सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ न केल्यास परत मागता येतं. अर्ज एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) न्यायाधिकरणाकडे. पण मावशीच्या दानपत्रात अटच नाही! मुलाने वेगळ्या स्टॅम्पपेपरवर ‘आईला शेवटपर्यंत सांभाळीन’ असं लिहून दिलंय, तेवढं पुरतं का? जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छतरपूरच्या आईच्या बाजूने निकाल दिला, तिथे असं वचनपत्र होतं. मात्र दानपत्रातही सांभाळाचा उल्लेख होता.

इथे कुणी असा अर्ज केलाय का? निकालापर्यंत तिला बाहेर काढू नये म्हणून काय मागावं? वृद्धाश्रमांचे पत्ते कृपया नकोत, ती घर सोडणार नाही.