केमो चालू असलेल्या मुलीला गणपतीच्या दिवसांत संसर्गापासून कसे जपावे?

प्रश्न : सायली, कोथरूड

नमस्कार. माझी सहा वर्षांची मुलगी ल्युकेमियावर (रक्ताच्या कर्करोगावर) उपचार घेत असून मुख्य केमो संपून आता गोळ्यांचा, म्हणजे मेन्टेनन्सचा टप्पा सुरू झाला आहे. काउंट, म्हणजे रक्तातील पेशींचे आकडे, कधी बरे येतात, कधी एकदम उतरतात. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि दर्शनाला सासर-माहेरची बरीच माणसे येतात. यंदा कोणालाच बोलावू नये, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. मुलीने मात्र आरतीसाठी आतापासूनच टाळ काढून ठेवले आहेत. धाकटा मुलगा तीन वर्षांचा असून बालवाडीतून सर्दी घेऊन येतो. त्याच्या लसींबाबत काही वेगळे करावे लागते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : मृण्मयी (बालकर्करोग विभागातील निवृत्त परिचारिका)

सायलीताई, गणपती जरूर बसवा. आधी काउंट तपासून घ्या. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असतील तर दर्शन घरच्यांपुरतेच ठेवावे, आणि ते बरे असतील तर डॉक्टरांना विचारून थोडी थोडी माणसे वेगवेगळ्या वेळी बोलवावीत. ज्यांना सर्दी-खोकला, जुलाब किंवा अंगावर पुरळ आहे, त्यांना फोनवरच स्पष्टपणे ‘येऊ नका’ असे सांगावे. यात कसलाही संकोच नको. आलेल्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलीचे पापे किंवा गालगुच्चे कोणीही घेऊ नयेत. निर्माल्य ओले होऊन कुजते, त्यात बुरशी धरते. ते तिच्या हाताशी राहू देऊ नये.

प्रसादात उकडीचे मोदक वाफाळते असताना द्यायला हरकत नाही. पंचामृत मात्र न तापवलेल्या दुधाचे असेल आणि वाटी दिवसभर देवापुढे उघडी असेल, तर तिला ते तीर्थ म्हणूनसुद्धा देऊ नये.

धाकट्याच्या लसी थांबवू नका, कारण घरातली इतर माणसे सुरक्षित असली की मुलीभोवती आपोआप कवच तयार होते. त्याला गोवर आणि कांजिण्यांची लस देता येते. कांजिण्यांच्या लशीनंतर त्याच्या अंगावर पुरळ उठलेच, तर ते जाईपर्यंत दोघांना वेगळे ठेवावे. फ्लूचे इंजेक्शन तुम्ही सर्वांनीच दरवर्षी घ्यावे. फरक पोलिओचा. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या डोसातील जिवंत, पण दुर्बल केलेला विषाणू काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो, म्हणून अशा घरातील भावंडाला इंजेक्शनची पोलिओ लस देतात. पल्स पोलिओच्या दिवशी कर्मचारी दारावर येतात, तेव्हा त्यांना मुलीच्या उपचारांबद्दल सांगावे. मुलीला स्वतःला कोणतीही जिवंत लस तिच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय देऊ नये.

आणखी एक. कांजिण्या पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. बालवाडीतल्या एखाद्या मुलाला त्या झाल्याचे कळले आणि धाकट्याला अजून लस मिळालेली नसेल, किंवा मुलीचाच अशा मुलाशी संपर्क आला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात फोन करावा. संपर्कानंतर द्यायचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन १० दिवसांपर्यंत देता येते, पण ते जितके लवकर तितके चांगले.

प्रतिसाद : सिंहगड रस्त्याचा रहिवासी

पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात गिलियन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले. माझ्या मुलाच्या केमोच्या काळात आम्ही फिल्टरचे पाणीसुद्धा खळखळून उकळत असू. शेजारचा वाडा पाडला जात होता, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या मात्र बंद ठेवल्या. अशा धुळीतून बुरशीचे कण येतात, असे डॉक्टरांनी बजावले होते.

सायली, कोथरूड

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका आहे. रात्री ताप आला, पण मुलगी नीट खेळत असेल, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबले तर चालेल का?

प्रतिसाद : मृण्मयी

अजिबात नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना पू, सूज, लाली अशी नेहमीची लक्षणे दिसत नाहीत. बहुतेक वेळा ताप हीच एकमेव खूण असते, आणि पॅरासिटामॉलने तीही झाकली जाते. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसले की काउंट ठाऊक असोत वा नसोत, तडक रुग्णालय गाठावे. तिथे पोहोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. ताप काखेत किंवा तोंडात मोजावा, गुदद्वारातून कधीही नाही, कारण तिथल्या नाजूक त्वचेला इजा झाल्यास जंतू रक्तात शिरतात. मुलीला कॅथेटर किंवा पोर्ट (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल आणि तो धुतल्यावर थंडी वाजली, तर ताप दिसण्याचीही वाट पाहू नये.

उपचारांची फाइल आणि शेवटचा काउंट एका पिशवीत तयार ठेवा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता मिरवणुकीसाठी बंद असतात. तुमचे रुग्णालय पेठांच्या पलीकडे असेल, तर त्या दिवशी कोणत्या पुलावरून जायचे, ते आधीच ठरवून घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.